उचलत्या कण्याची नौका आणि मालवणचा किनारा

विजयदुर्गापासून तेरेखोलच्या मुखापर्यंतच्या सुमारे १२० किलोमीटरांच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग जिल्ह्याला निसर्गाने आश्रयस्थाने उदार हस्ते दिली आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांच्या दारात रेतीचा बांधही घालून ठेवला आहे. वाघोटनची खाडी आणि देवगडचे बंदर ही दोन स्थाने सोडली, तर आचरा, कालावल, कोळंब, कर्ली आणि तेरेखोल या खाड्यांची मुखे उथळ व सरकत्या रेतीची आहेत. एका पावसाळ्यापूर्वी जेथे वाट होती तेथे दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती असेलच याची हमी कोणताही तांडेल देत नाही. खुद्द मालवणचे बंदर तर सिंधुदुर्ग, पद्मगड आणि त्यांच्याभोवतीची पाण्याखाली दडलेली खडपे यांच्यामधल्या अरुंद वाटांनीच गाठावे लागते. दोन मीटर पाणी घेणारी, म्हणजे जिचा तळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन मीटरांपर्यंत उतरतो अशी, एखादी आधुनिक शिडाची नौका मुंबईहून गोव्यास निघाली, तर तिला हा सारा रमणीय मुलूख दुरूनच पाहावा लागतो, आणि रात्री उघड्या समुद्रात नांगर टाकून लाटांवर हेलकावे खात पडावे लागते. यावर तोडगा म्हणून पाश्चात्त्य देशांत ज्या नौका निघाल्या, त्या स्विंग-कीलच्या, म्हणजे उचलत्या कण्याच्या, नौकांचे गुणदोष आपल्या किनाऱ्याच्या दृष्टीने तपासून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

कण्याचे, म्हणजे आपल्याकडील सुतार ज्याला पठाण म्हणतात त्याचे, काम दुहेरी असते, आणि सगळा वाद या दुहेरीपणातूनच उत्पन्न होतो. वारा बाजूने किंवा समोरच्या अंगाने येत असता शिडावरील दाबाचा मोठा भाग नौकेला पुढे नेण्याऐवजी आडवा लोटीत असतो. त्याला पाण्यातून प्रतिकार करणारा एखादा पंख तळाशी नसेल, तर नौकेची नाळ एका दिशेला आणि तिची प्रत्यक्ष वाटचाल भलत्याच दिशेला, असा प्रकार होतो. हा पंख लांब परंतु उथळ असण्यापेक्षा अरुंद परंतु खोल असेल, तर तेवढ्याच क्षेत्रफळात तो पुष्कळ अधिक काम करतो. दुसरे काम नीरमाचे, म्हणजे नौका स्थिर ठेवणाऱ्या वजनाचे. शिसे किंवा बीड यांचे वजन जितके खाली, तितकी कललेली नौका सावरण्याची शक्ती अधिक. दोन्ही कामांसाठी खोली हवी आणि खाडीत शिरण्यासाठी ती नको, असा हा पेच आहे.

आपल्या पूर्वजांनी तो आपल्या पद्धतीने सोडविला होता. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात तीन डोलकाठ्यांची गुराब ही युद्धनौका सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांच्या आतली, आणि दोन्ही लांबीच्या मानाने रुंद असून अत्यंत कमी पाणी घेणाऱ्या, असे नमूद आहे. गलबते त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर जाणारी, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या बळावर तासाला चार मैल चालणारी. उथळ तळामुळे वाऱ्याविरुद्ध चढण्यात येणारी असमर्थता वल्ह्यांनी भरून काढावयाची, आणि शत्रूची खोल तळाची जहाजे वारा पडल्यावर हतबल झाली की त्यांच्या पिछाडीवर जमून तोफा डागावयाच्या, हा त्यातला डाव होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे, त्यातही गुराबा फार थोर किंवा फार लहान न करता मध्यम रीतीच्या कराव्या, आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवजड जहाजे बांधण्याच्या भरीस पडू नये, अशीच तजवीज सांगितली आहे. कित्येक लेखक या उथळपणास मराठी नौकाबांधणीतील उणीव मानतात. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या आरमाराचे घरच खाडीच्या आत होते, त्याने खोल तळाची जहाजे बांधली असती तर ती पावसाळ्याच्या छावणीस आणावयाची कोठे?

युरोपातही उथळ किनाऱ्याच्या लोकांनाच प्रथम यावर विचार करावा लागला. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती त्या डच लोकांनी स्वदेशीच्या उथळ पाण्यात नौकेच्या दोन्ही बाजूंना वरखाली होणाऱ्या फळ्या लावून काम भागविले. पुढे जॉन शँक या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १७७४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे सरकत्या कण्याची एक होडी बांधली, आणि त्याच कल्पनेवर तीन सरकते कणे असलेली ‘लेडी नेल्सन’ ही अवघी ६० टनांची नौका १७९८ साली तयार झाली. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याची मोजणी करण्यासाठी ती ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आली, आणि १८०० च्या डिसेंबरात लेफ्टनंट जेम्स ग्रँट याने तिच्यातून बासची सामुद्रधुनी पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केली. तेव्हा उचलता कणा ही केवळ हौशी मंडळींची टूम आहे, हा आक्षेप इतिहासास धरून नाही.

आज बाजारात मिळणाऱ्या या जातीच्या नौकांत मात्र बराच भेद आहे, आणि तो न जाणता खरेदी करणाऱ्यास पुढे पश्चात्ताप होतो. अस्सल स्विंग-कीलमध्ये बिडाचा किंवा शिशाचा जड कणा पुढच्या टोकाशी एका खिळीवर टांगलेला असून, मिटवत्या चाकूचे पाते मुठीत जावे तसा तो तारेच्या दोराने ओढून तळातील खाचेत घेता येतो. १९६९ पासून अमेरिकेत प्रचंड संख्येने बांधली गेलेली कॅटलिना २२ ही या वर्गातील लहान नौका कणा वर असता दोन फूट व खाली असता पाच फूट पाणी घेते; इंग्लंडमधील सदर्ली ११० ही मोठी नौका पाऊण मीटरापासून सव्वादोन मीटरांच्या आसपास जाते. दुसरा वर्ग सरळ वरखाली होणाऱ्या कण्यांचा. त्यांची कार्यक्षमता उत्तम, पण खडकावर आदळल्यास ते मागे झुलून आघात पचवीत नाहीत, तो सगळा नौकेच्या सांगाड्यास सोसावा लागतो. तिसरा वर्ग फ्रेंचांनी नावारूपास आणला. त्यात सगळे नीरम नौकेच्या पोटात, तळाशी घट्ट बसविलेले असते आणि झुलते ते केवळ हलके पाते. ले साब्ल-दोलोन येथील आल्यूबा कारखान्याच्या ॲल्युमिनियमच्या ओव्हनी नौका या धर्तीच्या असून, जिमी कॉर्नेल हे प्रसिद्ध दर्यावर्दी लेखक तशाच एका नौकेतून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन आले आहेत.

आता कर्लीच्या मुखाचेच उदाहरण घेऊ. तारकर्ली आणि देवबाग यांची रेतीची लांबट पट्टी समुद्र व नदी यांच्यामधून दक्षिणेकडे जाते, आणि तिच्या टोकाशी, भोगव्याच्या समोर, नदी समुद्रास मिळते. मुख ओलांडून आत गेल्यास माडांच्या सावलीत निवांत, वाऱ्यालाटांपासून पूर्ण सुरक्षित पाणी मिळते. पण अचल खोल कण्याच्या नौकेस ते वर्ज्य आहे. मालवणकडे उधाणाच्या दिवशीही पाणी दोनेक मीटरच चढते, मुंबईच्या मानाने पुष्कळच कमी; त्यामुळे भरतीच्या भरवशावर खोल नौका आत ढकलण्याचा मार्ग येथे जवळजवळ बंद आहे. पाऊण मीटर पाणी घेणाऱ्या नौकेस तो खुला होतो. एवढेच नव्हे, तर आतल्या वाळूवर ओहोटीच्या वेळी ती सरळ टेकते, आणि नौकेचे बूड घासून काढणे, यंत्राच्या पंख्यात गुंतलेला दोर सोडविणे, ही कामे पायी चालत करता येतात. जेथे अशा नौकांसाठी बांधलेला धक्का हाताशी नसतो, तेथे या सोयीचे मोल पुस्तकात वाचून कळण्यासारखे नाही. आणखी एक लाभ येथील मच्छीमारीशी निगडित आहे. किनाऱ्यालगत पसरलेली जाळी अंधारात दिसत नाहीत, आणि खाली सोडलेल्या कण्यास जाळे अडकले, तर कणा वर घेताच ते बहुधा आपोआप सुटते. दुसऱ्याच्या पोटावर सुरी न चालविता सुटका होते, ही लहान गोष्ट नाही.

तथापि मुख ओलांडण्याच्या बाबतीत उथळ तळ हा दाखला नव्हे. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असता दुपारचा वायव्येकडील वारा त्याच्या समोर उभा राहिला की रेतीच्या बांधावर लाटा आखूड व उभ्या होतात, आणि त्यांत पाऊण मीटरांची नौकाही आडवी होऊन आपटू शकते; शिवाय कणा वर घेतलेल्या अवस्थेत तिला दिशा राखणे कठीण जाते. भरतीचा शेवटचा प्रहर, सकाळचे शांत पाणी आणि पुढे एखादी स्थानिक होडी, या तीन गोष्टी जुळल्याखेरीज आत शिरू नये. खडपांच्या बाबतीतही तेच. झुलता कणा खडकावर लागून वर उडतो तेव्हा सूचना मिळते खरी, पण सुकाणू आणि पंखा यांना तसे झुलता येत नसेल तर ती सूचना उशिराची ठरते. १९८७ साली मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा झाली. त्याच्या हद्दीत उथळ नौकेच्या धन्याने आणखी एक विवेक बाळगावा. जेथे जाता येते तेथे नांगर टाकण्याचा अधिकार मिळत नाही, आणि प्रवाळावर पडलेला नांगर एका फेऱ्यात कित्येक वर्षांची वाढ खरवडून काढतो.

दोषांचा खरा हिशेब देखभालीच्या सदरात मांडावा लागतो. खीळ, तिची भोके, दोर, ओढयंत्र आणि खाच, अशी पाच स्थाने झिजतात, आणि त्यांतील चार सदैव पाण्याखाली असतात. आपल्या उष्ण समुद्रात शेवाळ आणि कालवे ज्या वेगाने धरतात, त्याची कल्पना थंड पाण्यात नौका बांधणाऱ्या कारखान्यांना क्वचितच असते. नौका महिनाभर एका जागी पडून राहिली की खाच आतून भरते आणि कणा अडतो. खाडीत टेकलेल्या नौकेच्या खाचेत वाळू व बारीक गोटे दाटतात, तो उपद्रव वेगळाच. बीड आणि गंजरोधक पोलाद ही दोन धातुद्रव्ये खाऱ्या पाण्यात एकमेकांशेजारी ठेवली की त्यांतील एक दुसऱ्यास खाऊ लागते, आणि खिळीभोवती नेमके तेच घडते. यातील विपर्यास असा की, ज्या वाळूवर नौका सहज टेकते त्या वाळूवर तिची खाच तपासता येत नाही, कारण ती खाचेवरच बसलेली असते. कणा पूर्ण खाली सोडून पाहावयाचा तर नौका उचलूनच धरावी लागते, आणि त्यासाठी यारीची, म्हणजे क्रेनची, सोय असलेल्या मोठ्या बंदराकडेच जावे लागते. केबिनच्या मधोमध उभ्या असलेल्या खाचेच्या पेटीने अडणारी जागा, आणि नांगरावर असता रात्रभर होणारा कण्याचा खटखटाट, या तक्रारी त्यामानाने क्षुल्लक. पहिलीची सवय होते, दुसरीस कणा वर घेऊन निजावे.

समुद्रयोग्यतेचा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस कारखान्यात २००९ साली बांधून झालेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी त्याच वर्षीच्या ऑगस्टापासून २०१० च्या मेपर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच नौका कोठेही न थांबता फिरवून आणली. ५६ फुटांच्या त्या नौकेस खोल व अचल कणाच दिलेला होता आणि तो योग्यच होता. कारण दक्षिण महासागरात नौका पूर्ण उलटी झाली तर ती पुन्हा सरळ होणे हे मुख्यत्वे खाली लोंबणाऱ्या वजनावर अवलंबून असते. पोटात नीरम असलेल्या नौका रुंदीच्या जोरावर स्थिर राहतात, परंतु त्या स्थैर्याची मर्यादा लवकर येते. उलटपक्षी त्यांचे अनुभवी नाखवे असेही सांगतात की, वादळात पाते वर घेतलेली नौका बाजूच्या लाटेपुढे अडखळून न पडता घसरत जाते. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. पण मालवणहून निघणाऱ्या किती नौका केप हॉर्नला जाणार आहेत, हे आधी विचारावे.

येथला प्रवास कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यापासून सुटण्याचा आणि दुपारच्या समुद्रवाऱ्यावर आत येण्याचा. दक्षिणेकडे, निवतीचे खडक बाजूला ठेवून वेंगुर्ल्याकडे जाताना वारा पाठीशी राहतो आणि कणा अर्धा वर असला तरी चालतो; परत विजयदुर्गाकडे चढताना मात्र तो पुरता खाली लागतो, आणि त्या वेळी ज्यांनी उथळ अचल कण्याची स्वस्त नौका घेतलेली असते त्यांना गलबतावरील चाळीस वल्हेकऱ्यांची जागा डिझेलच्या यंत्रास द्यावी लागते. ज्याला हे यंत्र सहा तास घुमत असलेले चालते, त्याने तीच नौका खुशाल घ्यावी. त्यात पैसा वाचतो आणि मोडण्याजोगे काही नसते. ज्याला शिडाचाच शौक आहे, त्याने जड झुलत्या कण्याच्या मोहात न पडता पोटात नीरम, हलके झुलते पाते, आणि मागे दुहेरी किंवा उचलते सुकाणू असलेली नौका पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचे पाते अडले किंवा तुटलेही, तरी नौका सावरण्याची शक्ती जात नाही, आणि आडवी घसरत का होईना, ती घरी येते. जुनी नौका विकत घेत असाल तर सौदा ठरविण्यापूर्वी ती यारीने उचलवून, कणा पूर्ण खाली सोडवून, टोकाशी धरून आडवा हलवून पाहावा. बोटभर ढिलाई आढळली तर भोके नव्याने भरून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, आणि विकणारा यारीस हरकत घेऊ लागला तर पुढे बोलूच नये. ज्येष्ठ लागण्यापूर्वी पाते वर घेऊन, नौका भरतीच्या रेघेपलीकडे ओंडक्यांवर चढवून झापांनी शाकारावी, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्या खाचेत गोडे पाणी दोनतीनदा ओतत राहावे.