लॅपटॉप स्लो झालाय? नवा घेण्याआधी हे तपासा

बाबांचा सात वर्षं जुना लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा. "आता नवीनच घेऊ," असं ते म्हणाले. मी आधी टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू जवळपास मोकळा, रॅमही निम्मी शिल्लक, पण डिस्क सतत 100 टक्के! म्हणजे अडचण हार्ड डिस्कची होती. (तुमच्याकडे रॅमच भरलेली दिसली, तर आधी रॅम वाढवा.)

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला 5400 वेळा. प्रत्येक फाइलसाठी हेडला योग्य जागी सरकावं लागतं आणि त्यात दरवेळी 10 मिलिसेकंदांच्या आसपास जातात. विंडोज सुरू होताना अशा असंख्य छोट्या फाइल्स वाचल्या जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हा वेळ जवळजवळ वाचतो.

मी 2.5 इंची साटा एसएसडी बसवली. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. तुमच्या लॅपटॉपला एम.2 स्लॉट असेल, तर त्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे घेण्याआधी नक्की बघा.

जुनी हार्ड डिस्क मी फेकली नाही. यूएसबी केसमध्ये घालून ताईच्या लग्नाचे फोटो त्यात ठेवलेत, आणि एक कॉपी एसएसडीवरही. कारण हार्ड डिस्क बऱ्याचदा कुरकुर करून इशारा देते, एसएसडी मात्र अचानक बंद पडू शकते. स्पीड विकत मिळतो, फोटो नाही. म्हणून बॅकअप आधी, स्क्रू-ड्रायव्हर नंतर!