जुन्या ध्वनिवर्धकातील क्रॉसओव्हरची तपासणी

घरी जुळविलेली जुनी ध्वनिवर्धकाची पेटी अनेक शाळांत वापरली जाते. तिचा आवाज घोगरा झाला, की श्रुतलेखनात मागच्या रांगेतील मुलास 'स' व 'श' यांतील भेद कळत नाही, आणि दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

क्रॉसओव्हर म्हणजे ध्वनीची वाटणी करणारी जोडणी. तांब्याच्या तारेची कॉईल खर्जाचे ध्वनी मोठ्या स्पीकरकडे, तर कंडेन्सर उंच पट्टीचे ध्वनी लहान स्पीकरकडे जाऊ देतो. कॉईल सहसा बिघडत नाही. परंतु इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने सुकतो, आणि भंडाऱ्याचा उन्हाळा कडक असतो. ८ ओहमच्या लहान स्पीकरला जोडलेला ५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ४,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी सोडतो. तो सुकून निम्मा झाला, की ही मर्यादा ८,००० वर जाते व 'स', 'श' क्षीण होतात.

तपासणीपूर्वी अँप्लिफायर बंद करून पेटीच्या तारा सोडवाव्यात व जोडणीची आकृती काढून ठेवावी. कंडेन्सरचे एक टोक डाकेतून मोकळे करून मीटरने मोजावे. छापील मूल्याहून २० टक्क्यांपेक्षा अधिक फरक असल्यास तो बदलावा. नवा कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, कमी व्होल्टचा नसलेला व धन-ऋण खूण नसलेला घ्यावा. कॉईल अखंड असल्यास तीच पुन्हा वापरावी.

शेवटी 'साल' व 'शाल' हे शब्द उच्चारून मागच्या रांगेतील मुलास विचारावे. त्याचे उत्तर हीच खरी परीक्षा होय.