जुनी पेटी, नवं काळीज

टीव्हीशेजारच्या दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर ४के चित्रपट अडखळला, की पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो. हिशेब वेगळंच सांगतो. ४के ब्लू-रे सेकंदाला फार तर १६ मेगाबाइट मागते. तेवढं धडधाकट जुनी डिस्कही सहज पुरवते. एसएसडीने मशीन झटपट सुरू होईल, घरघर थांबेल; चित्र अडखळतच राहील. खरा अडसर डीकोडिंगचा. व्हिडिओ दाबून साठवण्याचं एचईव्हीसी हे स्वरूप २०१३ मध्ये आलं, एव्ही१ २०१८ मध्ये. त्याआधीच्या चिपांत ते उलगडणारं सर्किटच नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो. तेव्हा बदलायचा तो प्रोसेसर, त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि रॅम. कॅबिनेट राहू द्यावं: एटीएक्सची मापं १९९५ पासूनची, स्क्रूची भोकं आजही जुळतात. जुन्या पॉवर सप्लायबाबत मात्र माया नको.

एवढ्या खटाटोपापेक्षा टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक लावा, हा आक्षेप फक्त ओटीटी पाहणाऱ्यांपुरता खरा आहे. घरात डीव्हीडींचा, लग्नामुंजीच्या चित्रणाचा साठा असेल, तर स्टिकला ना डिस्क ड्राइव्ह, ना टेराबाइटभर जागा. वीजबिलाची धास्तीही जुन्या मशीनवरून आलेली. इंटेल एन१०० ही ६ वॅटची चिप एव्ही१सुद्धा सहज उलगडते.