वादकांनी संघटनेचे सदस्य व्हावे काय?

एखादे चित्रपटगीत लोकप्रिय झाले की त्याचा गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे घरोघरी पोहोचतात. त्याच गीतातील बासरीची लकेर किंवा व्हायोलिनचा समूहस्वर कोणी वाजवला, हे मात्र श्रोत्याला सहसा ठाऊक नसते. या अनाम वादकाचा उदरनिर्वाह बहुधा एकेका शिफ्टच्या बिदागीवर चालतो. त्याला निश्चित वेतन नाही, रजा नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. अशा वादकाने संघटनेचे सदस्यत्व घ्यावे की स्वतःच्या कौशल्यावर आणि ओळखींवर विसंबून राहावे, हा प्रश्न जुना आहे. कायद्यांतील अलीकडच्या बदलांमुळे आणि नव्या तंत्रज्ञानामुळे त्याला आज वेगळे महत्त्व आले आहे.

पगारी वादक ते शिफ्टचा वादक

बोलपटांच्या आरंभीच्या काळात प्रभात, बॉम्बे टॉकीज यांसारख्या संस्थांमध्ये वादक मासिक पगारावर असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही स्टुडिओव्यवस्था मोडकळीस आली. स्वतंत्र निर्मात्यांची संख्या वाढली आणि वादक कामापुरते बोलावले जाऊ लागले. याच काळात मुंबईच्या ध्वनिमुद्रणात मोठ्या वाद्यवृंदांची प्रथा रुजली. पाश्चात्य स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांचा त्यात मोठा वाटा होता. सॅबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संगीत संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळाला आकार दिला.

काम मुबलक होते, पण बिदागी किती व कधी मिळेल याची शाश्वती नव्हती. निर्माता चित्रपटागणिक बदलत असे. त्यामुळे थकलेले पैसे एकट्या वादकाने कोणाकडे मागावेत, हाच प्रश्न होता. या परिस्थितीतून १९५०च्या दशकात मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशन ही संघटना उभी राहिली. वादकांच्या श्रेणी ठरवणे, श्रेणीनुसार दर निश्चित करणे आणि थकबाकीचा पाठपुरावा करणे ही कामे तिने हाती घेतली. मद्रासमध्येही चित्रपट वादकांची संघटना उभी राहिली. मल्याळम चित्रपटांचे ख्यातनाम संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी त्यात पुढाकार घेतला होता. स्वतः यशस्वी असलेल्या संगीतकाराने साथीदारांच्या बिदागीसाठी उभे राहावे, ही बाब उल्लेखनीय आहे.

कायद्याचे कवच

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना संघटना स्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. कामगार संघटनांची नोंदणी दीर्घकाळ १९२६च्या कायद्यान्वये होत असे. त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोंदणीकृत कामगार संघटनेला औद्योगिक विवादातील कृतींबाबत काही दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळते. केवळ सांस्कृतिक मंडळ म्हणून नोंदलेल्या संस्थेला असे संरक्षण नसते.

त्याच दिवशी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' या संज्ञेत वादक आणि गायकांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोबदल्याच्या विहित मर्यादेत येणाऱ्या अशा कामगाराशी लेखी करार करणे तिने आवश्यक ठरवले आहे. तथापि, करार मागण्याचे धैर्य एकट्या वादकाला क्वचितच होते. आज त्याने कागद मागितला तर उद्या दुसऱ्याला बोलावले जाईल, ही भीती त्याला असते. सर्वांनी मिळून तीच मागणी केली तर ही भीती उरत नाही. संघटनेचे खरे प्रयोजन येथेच आहे.

स्वामित्वहक्काच्या कायद्यातही वादकाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद आहे. १९९४ मध्ये कलाकाराच्या सादरीकरणावरील हक्काला मान्यता मिळाली. २०१२च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वशुल्क मिळण्याचा हक्क दिला. मात्र चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा आहे आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार श्रेयनामावलीतही ज्याचा उल्लेख होत नाही, अशा व्यक्तीला या शुल्कासाठी कलाकार मानले जात नाही. म्हणजेच पडद्यावर नाव येणे ही केवळ मानाची बाब राहिलेली नाही. तिच्याशी उत्पन्नाचा हक्क जोडला गेला आहे. श्रेयनामावलीत वादकांची नावे देण्याची प्रथा पाडणे हे सामूहिक प्रयत्नांचेच काम आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. स्वामित्वशुल्क गोळा करून वाटणारी संस्था आणि कामगार संघटना या दोन वेगळ्या गोष्टी होत. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी अशी एक संस्था नोंदली गेली आणि पुढे तिच्या कक्षेत वादकही आले. ही संस्था ध्वनिमुद्रणानंतरच्या वापराचे पैसे पाहते. शिफ्टचा दर, कामाचे तास आणि थकलेली बिदागी हे विषय संघटनेचे आहेत. एकीचे सदस्यत्व दुसरीला पर्याय ठरत नाही.

आक्षेपांची बाजू

संघटनांवरील आक्षेप निराधार नाहीत. सर्वांत गंभीर आक्षेप प्रवेशबंदीचा आहे. चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या एका संघटनेने स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व नाकारले होते. चारू खुराना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तो नियम आणि महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही रद्द ठरवली. सदस्यांनाच काम द्यावे, या आग्रहाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये चित्रपट कामगारांच्या महासंघांना व संलग्न संघटनांना असे वर्तन थांबवण्याचा आदेश दिला. आयोगाचा रोख सामुदायिक वाटाघाटींवर नव्हता, तर बिगर-सदस्यांचा मार्ग अडवण्यावर होता. आहेत त्या सदस्यांचे हित जपताना नवोदितांसाठी दार बंद करणारी संघटना न्यायाच्या कसोटीवर टिकत नाही.

दुसरा आक्षेप सामर्थ्याच्या मर्यादेचा आहे. सिंथेसायझर व बहुपदरी ध्वनिमुद्रण आल्यावर मोठ्या वाद्यवृंदांचे काम आटले आणि संघटनेला ते रोखता आले नाही. अमेरिकेतील अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथील वादकांच्या महासंघाने ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. ध्वनिमुद्रिकांमुळे प्रत्यक्ष वादनाचे काम जात आहे, अशी तक्रार होती. नोव्हेंबर १९४४ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी मुद्रिकांच्या विक्रीतील अंश एका निधीला देण्याचे मान्य केले आणि त्या निधीतून वादकांना विनामूल्य जाहीर मैफलींचे काम मिळाले. परंतु बहिष्काराच्या काळात गायक वाद्यांऐवजी वृंदगायनाच्या साथीने ध्वनिमुद्रण करत राहिले आणि श्रोत्यांच्या पसंतीत वाद्यवृंद मागे पडले. संघटना यंत्राला थांबवू शकली नाही, पण यंत्राच्या नफ्यातील वाटा मात्र मिळवू शकली. वादनाचे नमुने साठवून कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे संगीत निर्माण होत असताना हा धडा आजही उपयोगी आहे.

सदस्य होण्यापूर्वी

संघटनेत जाण्याचा निर्णय घेताना वादकाने काही गोष्टी तपासून पाहाव्यात. संघटना कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे काय? हिशेबांची तपासणी आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका वेळेवर होतात काय? प्रवेशशुल्क नवोदिताला परवडणारे आहे काय? थकलेल्या बिदागीचा पाठपुरावा तिने प्रत्यक्षात केला आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पत्रकापेक्षा जुन्या सदस्यांकडून अधिक खात्रीने मिळते.

चित्रपटाबाहेरच्या वादकांचा प्रश्न याहून बिकट आहे. लग्नसराईत काम करणारे बँडवाले, बँजो पार्टीतील वादक, तमाशातील ढोलकीपटू आणि वाद्यवृंदांतील साथीदार यांचा मालक बहुधा एखादा छोटा कंत्राटदार असतो. हंगाम संपला की त्यांचे उत्पन्न थांबते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा चित्रपट कामगारांना त्यांच्या संघटनांमार्फत काही मदत पोहोचवता आली, कारण सदस्यांची यादी तयार होती. ज्यांची कोठेच नोंद नव्हती, त्यांच्यापर्यंत पोहोचणे अवघड ठरले.

संघटनेचे सदस्यत्व कोणाला काम मिळवून देत नाही आणि बेसूर वादकाला सुरात आणत नाही. केलेल्या कामाचे ठरलेले पैसे वेळेवर मिळावेत, इतकी साधी अपेक्षा मात्र एकट्यापेक्षा समूहाच्या आवाजात अधिक ऐकू जाते. म्हणूनच दोष असलेल्या संघटनेपासून दूर राहण्यापेक्षा तिच्यात जाऊन सभेत प्रश्न विचारणे आणि निवडणुकीत मत देणे, हा कष्टकरी वादकासाठी अधिक हिताचा मार्ग ठरतो.