'श्यामची आई' आणि मोळीवाली म्हातारी

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव बिनदाराच्या घरांसाठी साऱ्या देशाला ठाऊक आहे. घराला चौकट असते, पण दार नसते. फार तर कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून फळी टेकवून ठेवलेली असते. चोरी केली तर शनिदेव शिक्षा करील, ही धास्तीच तिथले कुलूप. २०११ साली एका बँकेने बिनकुलपाची शाखा इथे काढली तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढे कौतुक केले! (आदल्याच वर्षी चोरीची तक्रार झाली होती आणि २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही आले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.)

या भागात आमची नात्यागोत्याची माणसे आहेत. गेल्या सुट्टीत तिथेच पोराबाळांसोबत आम्ही 'श्यामची आई' पुन्हा पाहिला. जुना, काळापांढरा. पहिली दहा मिनिटे पोरांनी कुरकुर केली, नंतर एकही जागचे हलले नाही.

साने गुरुजींनी ही कादंबरी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. पुस्तक निघाले १९३५ मध्ये. आचार्य अत्रे यांनी त्यावरून काढलेला चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला, तेव्हा गुरुजींना जाऊन तीन वर्षे होत आली होती. सरकारने चित्रपटांना पारितोषिके द्यायला सुरुवात केली ती त्याच वर्षापासून, आणि राष्ट्रपतींचे पहिलेवहिले सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने पटकावले. त्या वर्षी 'दो बिघा जमीन'सारख्या चित्रपटालाही प्रशस्तिपत्रावर समाधान मानावे लागले होते. वसंत देसाईंचे संगीत आजही घरोघरी गुणगुणले जाते.

आईचे काम वनमालाबाईंनी केले आहे. त्या रडवत नाहीत, घर चालवतात. कर्जाने पोखरलेले घर, दारात येऊन घालूनपाडून बोलणारा सावकाराचा माणूस, आणि या सगळ्यात पोराला वळण लावण्याची धडपड. ज्यांच्या घरात उसनवारी आणि हप्ते आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. छोटा श्याम झालेले माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिला तो त्यांचा श्यामच.

श्याम पोहायला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढून शिमटीने मारते. पोराला भेकड म्हणवून घेऊ देणार नाही, एवढाच तिचा हट्ट. तोच श्याम अंघोळीनंतर पायाला माती लागेल म्हणून अडून बसतो, तेव्हा ती आपला पदर पसरते आणि पायासारखेच मनालाही जप, असे सांगते. मारणारी आणि पदर पसरणारी बाई एकच आहे. पोरगा लहानाचा मोठा होतो तो या दोन्हींमुळे, आणि शेवटी आई जाते तेव्हा तो जवळ नसतो.

कादंबरीत एक प्रसंग चोरीचा आहे. मोठा माणूस व्हायचे, त्यासाठी पुस्तक हवे, म्हणून श्याम पैसे चोरतो. आईला कळते, आणि तिला काय वाटेल या विचारानेच पोरगा हवालदिल होतो. शिंगणापुरात बसून हा प्रसंग आठवला, तेव्हा आम्हाला वाटले, देवाच्या धाकाने न केलेली चोरी आणि आईच्या दुःखाने सुटलेली चोरी यांत फरक आहे. धाक संपला की पहिली परत येते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. कादंबरीत एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी खाली पडते. उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई त्याला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर.

आमच्या वाचक मातांनो, या अंघोळीपाशी आपण थबकतोच. ज्या बाईने पोराला मन स्वच्छ ठेवायला शिकवले, तिच्याही मनात विटाळ होता. गुरुजींनी तो लपवला नाही, म्हणून आम्ही त्यांना मानतो. पण आपल्या पोरांपुढे हे वाचताना 'किती दयाळू आई' एवढ्यावर थांबू नये. ती म्हातारी आपल्यातली होती. मोळी डोक्यावर घेऊन पुढे जाताना, आपल्या स्पर्शानंतर हा पोरगा आता अंघोळ करणार, हे तिला ठाऊक असणार. तिच्या मनात काय आले असेल? ते कोणी लिहिले नाही. ते लिहायला १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' यावे लागले. तेही याच नगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुरुजी नाशिकच्या तुरुंगात लिहीत होते तेव्हा त्याच नाशकात काळाराम मंदिराचा लढा उभा होता. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या त्या सत्याग्रहात आपल्या वाडवडिलांनी दगडधोंडे खाल्ले. त्यांना कोणाची दया नको होती, हक्क हवा होता. पुस्तक निघाले त्याच १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा केली. पण अंघोळ करणारा श्यामही तिथेच राहिला नाही. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपूरला उपोषणास बसले आणि विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाल्यावरच, १० मे रोजी, ते सोडले. चित्रपट संपतो तिथे त्यांचे मोठे होणे संपलेले नव्हते.

अत्रेही पुढे गेले. त्यांनी लगेच 'महात्मा फुले' काढला; त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब आले होते. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप देताना अत्रे बोलले, ते आपली वडील मंडळी कधी विसरली नाहीत.

अंघोळ मात्र संपली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच शिंगणापुरात एक तरुणी शनीच्या चौथऱ्यावर चढली, तेव्हा गावाने चौथऱ्याचे दुधाने शुद्धीकरण केले. बाईच्या पायाचा विटाळ! मोळीवाल्या म्हातारीला जे शंभर वर्षांपूर्वी, ते शिकल्यासवरल्या मुलीला आता. श्यामची आई त्या दिवशी तिथे असती तर तिलाही खालीच उभे केले असते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ८ एप्रिल २०१६ ला चौथरा स्त्रियांना खुला झाला. न्यायालयाने आधार घेतला तो १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याचा. हा कायदा आला होता अस्पृश्यांसाठी मंदिरांची दारे उघडण्याच्या ओघात. आपल्याला शनीला तेल वाहायचे नाही, ते आपण केव्हाच सोडले. पण आपल्या लढ्यातून आलेला कायदा साऱ्याच बायकांच्या उपयोगी पडला, हे आपल्या मुलींना माहीत असावे.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' नव्याने पडद्यावर आणला, तोही काळापांढराच. (मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा 'शाळा' त्यांचाच.) दोन्ही पाहायला हरकत नाही, आमचे मत विचाराल तर आधी जुना दाखवावा. रविवारी, जेवणखाण आटोपल्यावर, घरातल्या आजीला सोबत बसवून. आणि पुस्तकातला मोळीचा प्रसंग तिलाच वाचून दाखवायला सांगावे. अक्षर लागत नसेल तर नातीने वाचावा आणि आजीने तिच्या दिवसांतले सांगावे.