खरवडून न जाणारा आजार

दीड-दोन वर्षांच्या मुलाचा आवाज बसतो. रडताना फाटतो, पुढे पुढे रडण्यातून नुसती हवाच येते. घरात सगळ्यांचं एकमत असतं: रडून रडून घसा बसलाय. हळदीचं दूध होतं, सितोपलादी मधातून चाटवून होतं, अँटिबायोटिकचा कोर्सही होतो. काही आठवड्यांनी श्वासाला घरघर लागते, मग ‘बालदमा’ हा शब्द कानावर येतो आणि घरात नेब्युलायझर येतो. त्याने फरक पडत नाही. मूल श्वास घ्यायला धडपडू लागतं, गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते, आणि कधी कधी तर अशा गडबडीतच कुणीतरी पहिल्यांदा दुर्बिणीने घशात खोलवर बघतं. तिथे दोन स्वरतंतूंच्या मध्ये, तुतीच्या फळासारखा, दाणेदार गुलाबी पुंजका वाढलेला असतो. हवा जायला उरलेली फट जेमतेम काडीएवढी.

या आजाराचं पूर्ण नाव रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. कान-नाक-घशाचे डॉक्टर आपसात बोलताना नुसतं ‘पॅपिलोमा’ म्हणतात. ही एक प्रकारची चामखीळच. फक्त ती हाताच्या बोटावर न येता शरीरातल्या अतिशय अरुंद आणि अतिशय मोलाच्या वाटेवर येते. कर्करोग नसतो, पण काढली तरी पुन्हा येते, आणि आजाराचं सगळं दुःख या ‘पुन्हा’त आहे. एकेका मुलावर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. थोड्या रुग्णांत ती श्वासनलिकेतून खाली फुफ्फुसापर्यंत उतरते, आणि अगदी थोड्यांत पुढे तिचा कर्करोगही होतो. आजार तसा विरळ आहे. अमेरिकेतल्या १९९०च्या दशकातल्या अंदाजानुसार लाख मुलांमागे चार आणि लाख प्रौढांमागे दोन रुग्ण, एवढंच प्रमाण. लहान वयात, बहुधा पाच वर्षांच्या आत, सुरू होणारा प्रकार जास्त चिवट असतो. मोठ्यांत तो विशी ते चाळिशीच्या आसपास दिसतो.

बालदमा आणि पॅपिलोमा यांची गल्लत टाळता येण्यासारखी आहे, म्हणून दोन गोष्टी इथेच सांगायला हव्यात. दम्याची शिटी मुख्यतः श्वास सोडताना वाजते. स्वरयंत्रातल्या अडथळ्याची घरघर श्वास आत घेताना ऐकू येते. आणि दम्याने आवाज महिनोन्‌महिने घोगरा होत नाही. तीन-चार आठवड्यांच्या वर मुलाचा आवाज बसलेला असेल, तर त्याचं स्वरयंत्र कुणीतरी प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितलंच पाहिजे. नाकातून घालायच्या बारीक लवचिक दुर्बिणीने ते काम ओपीडीत, मुलाला आईच्या मांडीवर बसवून, एक-दोन मिनिटांत होतं.

लंडनच्या मॉरेल मॅकेंझी यांनी १८७१ मध्ये या गाठींना घशातल्या इतर गाठींपासून वेगळं काढलं. त्या कशाने होतात हे मात्र कोडंच होतं. १९२३ मध्ये उलमान नावाच्या डॉक्टरांनी एका लहान मुलाच्या स्वरयंत्रातल्या गाठींचा अर्क स्वतःच्या हातात टोचून घेतला आणि तिथे चामखिळी उगवल्या. आज कुठलीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. पण आजार संसर्गाचा आहे, हे त्यातून दिसलं. तरीही उपचारांची दिशा बदलायला अर्धशतक गेलं. मधल्या काळात या मुलांच्या गळ्यावर किरणोत्सर्गही दिला गेला, आणि त्यातल्या काहींना पुढे त्याच जागी कर्करोग झाला. १९८२ मध्ये स्वरयंत्रातल्या पॅपिलोमातूनच एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, या विषाणूचा ११ क्रमांकाचा प्रकार वेगळा करण्यात आला. आज आपल्याला ठाऊक आहे की जवळजवळ सगळे रुग्ण ६ आणि ११ या दोन प्रकारांचे असतात, आणि ११ जास्त त्रासदायक.

माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष १९८३. त्या वर्षी अमेरिकेत बेटी स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या स्वरयंत्रातलं अगदी निरोगी दिसणारं आवरण तपासलं. तिथेही विषाणूचा डीएनए सापडला. गाठ काढलेली, आवाज सुधारलेला, सूक्ष्मदर्शकाखालीही वावगं काही नाही, आणि विषाणू शांतपणे मुक्कामाला. सर्जनचा हात कितीही निष्णात असला तरी गाठी परत का येतात, याचं उत्तर त्यात होतं. जे दिसतं ते काढता येतं, पण आजार राहतो तो न दिसणाऱ्या भागात. नंतरच्या चाळीस वर्षांतले जे उपचार खऱ्या अर्थाने पुढे गेले, त्या सगळ्यांनी हे मान्य केलं होतं.

म्हणून शस्त्रक्रियेचं मोल कमी होत नाही. श्वास मोकळा करायला आजही दुसरा झटपट मार्ग नाही, आणि ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली की भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांच्यातला विश्वास काय चीज आहे ते कळतं. दोघांना एकाच वाटेवर काम करायचं असतं. ज्या फटीतून मुलाला श्वास द्यायचा, त्याच फटीत सर्जनची हत्यारं जाणार. अनेकदा श्वासनळीत नळी न घालताच, मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून भूल दिली जाते. तोंडातून एक धातूची नळी स्वरयंत्रापर्यंत पोहोचवून ती छातीवरच्या आधाराला टेकवून स्थिर करतात, म्हणजे सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात. वर सूक्ष्मदर्शक. लेझर वापरायचा असेल तर मुलाच्या डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर ओल्या पट्ट्या, आणि ऑक्सिजन मुद्दाम कमी, कारण भरपूर ऑक्सिजन आणि लेझरची ठिणगी एकत्र आली तर श्वासनळीच पेट घेऊ शकते. जळणाऱ्या गाठींच्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, म्हणून धूर ओढून घेणारं यंत्र चालू, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर खास मास्क.

पूर्वी चिमट्याने तोडून काढत. १९७०च्या दशकात बॉस्टनमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर स्वरयंत्रासाठी वापरात आला आणि रक्तस्राव एकदम आटोक्यात आला. पुढे मायक्रोडिब्रायडर आला: नळीच्या टोकाशी फिरणारं पातं, जे गाठ कापतं आणि लगेच ओढून घेतं. त्याने उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे खालच्या नाजूक थराला चटका बसत नाही. त्यानंतर केटीपी लेझर. त्याचा हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून तो गाठीतल्या रक्तवाहिन्या आधी गाठतो आणि वरचं आवरण बऱ्यापैकी शाबूत राहतं. बॉस्टनच्या स्टीव्हन झायटल्स यांनी ही पद्धत रुळवली. प्रौढ रुग्णाला आता पूर्ण भूल न देता, खुर्चीत बसवून, घशात बधिर करणारं औषध सोडून नाकातल्या दुर्बिणीवाटे हे उपचार देता येतात. शिक्षक, गायक, फोनवर बोलण्याचं काम करणारी माणसं दुपारी उपचार घेऊन संध्याकाळी घरी जातात. ही सोय लहान वाटेल, पण वर्षाला चार वेळा भूल घेणाऱ्या माणसाला विचारा.

शस्त्रक्रियेची खरी परीक्षा मात्र किती काढलं यात नसून किती ठेवलं यात आहे. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तो कोपरा एकाच वेळी दोन्ही बाजूंनी सोलला, तर जखमा एकमेकींना चिकटतात आणि पडदा तयार होतो. मग गाठ नसतानाही आवाज कायमचा गेला. अनुभवी सर्जन तिथली थोडी गाठ जाणूनबुजून सोडून देतो. नातेवाइकांना हे पटवणं अवघड जातं. ‘सगळं काढलं का?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याबाबतही तसंच. जीव वाचवायला कधी ती लागतेच, पण त्या जखमेच्या काठाने आजार खाली श्वासनलिकेत पसरण्याचा धोका असतो, म्हणून ती शक्यतो टाळतात आणि बसवलीच तर लवकर काढायचा प्रयत्न करतात.

औषधांच्या बाबतीत बराच काळ निराशाच वाट्याला आली. १९८०च्या दशकात इंटरफेरॉनवर मोठी आशा होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या कसोटीत पहिले काही महिने फायदा दिसला आणि पुढे विरून गेला. नंतर सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध गाठीच्या जागी टोचण्याची लाट आली. अनेक डॉक्टरांना त्याचा गुण आल्यासारखं वाटलं. पण छोट्या का होईना, काटेकोर कसोटीत औषध आणि निव्वळ सलाइन यांत ठळक फरक दिसला नाही, दोन्ही गट सुधारले. हा आजार आपणहूनही चढतो-उतरतो, म्हणून इथे ‘मला गुण आला’ या अनुभवावर भिस्त ठेवता येत नाही.

चित्र बदललं ते बेव्हासिझुमॅबने. २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेलं हे औषध नव्या रक्तवाहिन्या फुटायला लागणारा संकेतच अडवतं. पॅपिलोमाचा प्रत्येक दाणा मधोमध एका बारीक रक्तवाहिनीवर उभा असतो. ती सुकली की दाणा सुकतो. आधी ते गाठीत टोचून पाहिलं गेलं, मग जर्मनीतल्या डॉक्टरांनी शिरेवाटे दिलं. फुफ्फुसापर्यंत पसरलेला आजार, जिथे कुठलंच हत्यार पोहोचत नाही, तिथेही गाठी आक्रसल्या. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून सुरुवात, मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं, रक्तदाबावर आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनांवर लक्ष ठेवायचं, अशी आता सर्वसाधारण पद्धत आहे. औषध थांबवलं की बऱ्याच रुग्णांत आजार परत डोकं काढतो, कारण विषाणूला त्याने धक्का लागलेला नसतो. तरीही दर महिन्याला ऑपरेशन थिएटरमध्ये जाणारं मूल वर्षभर शाळेत जाऊ लागतं, ही केवढी तरी गोष्ट आहे. आपल्यासाठी आणखी एक बाब मोलाची: बेव्हासिझुमॅबच्या बायोसिमिलर आवृत्त्या भारतातच बनतात, त्यामुळे मूळ औषधाची किंमत ऐकून हात टेकायची वेळ येतेच असं नाही. पॅपिलोमासाठीचा वापर अजून औषधाच्या छापील परवान्यापलीकडचा आहे, म्हणून विमा कंपन्यांशी झगडावं लागू शकतं. रुग्णाच्या बाजूने ते झगडणं हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

आणि मग १४ ऑगस्ट २०२५. त्या दिवशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॅपझिमिओस या औषधाला प्रौढ रुग्णांसाठी मान्यता दिली. खास या आजारासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. कल्पना अशी, की रुग्णाच्या शरीराने ६ आणि ११ क्रमांकाच्या विषाणूंना जवळजवळ घरचंच मानलेलं असतं. संरक्षक पेशी त्यांच्याकडे काणाडोळा करतात. त्या पेशींना जागं करायचं. त्यासाठी गोरिलात आढळणारा एक अॅडिनोव्हायरस घेतला, त्याची वाढण्याची क्षमता काढून टाकली आणि त्याच्यावर या दोन एचपीव्हींच्या प्रथिनांच्या तुकड्यांचा आराखडा चढवला. गोरिलाचा का, तर माणसांच्या अॅडिनोव्हायरसशी आपली आधीच ओळख असते आणि शरीर त्याला दारातच अडवतं. बारा आठवड्यांत त्वचेखाली चार इंजेक्शनं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत झालेल्या कसोटीत ३५ रुग्ण होते, सगळे आदल्या वर्षात किमान तीन शस्त्रक्रिया झालेले. त्यांतल्या १८ जणांना उपचारानंतरच्या वर्षभरात एकही शस्त्रक्रिया लागली नाही.

तुलनेसाठी औषध न दिलेला गट या कसोटीत नव्हता आणि ३५ हा आकडा लहान आहे, हे खरं. पण वर्षाला तीन-चार शस्त्रक्रिया लागणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना अचानक एकही लागू नये, हे आजाराच्या नेहमीच्या चढउतारात बसत नाही. इनोव्हिओ या दुसऱ्या कंपनीचं डीएनएवर आधारलेलं औषध ३२ रुग्णांत तपासलं गेलं आणि २६ जणांच्या शस्त्रक्रिया कमी झाल्या. दोन वेगळ्या वाटांनी तोच इशारा मिळतो, म्हणून मला हा बदल टिकाऊ वाटतो. खंत दोन गोष्टींची. पॅपझिमिओसचा पूर्ण कोर्स चार लाख डॉलरांच्या वर जातो. आणि ज्यांना आजाराचा सर्वांत मोठा तडाखा बसतो, त्या मुलांसाठी ही मान्यता नाही.

मुलांसाठीचा सर्वांत मोठा शोध वेगळाच आहे, आणि तो त्यांना टोचावाही लागत नाही. मुलाला विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. आईला तो असल्याची बहुतेक वेळा कल्पनाही नसते. तिला काही त्रास नसतो, कुणी विचारलेलं नसतं. एचपीव्ही हा इतका सर्वत्र पसरलेला विषाणू आहे की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणं निव्वळ अन्याय आहे. आपल्या घरांमध्ये तो होतो, म्हणून हे स्पष्ट लिहायला हवं. विषाणू असलेल्या बहुसंख्य आयांची मुलं ठणठणीत असतात, आणि केवळ या भीतीपोटी सिझेरियन करा असा सल्लाही दिला जात नाही.

पण मुलगी लहान असतानाच तिला ६ आणि ११ विरुद्ध लस मिळाली, तर ती आई होईल तेव्हा बाळाला देण्याजोगा विषाणूच तिच्याकडे नसेल. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये चार प्रकारांवरची लस मुलींना सरसकट द्यायला सुरुवात केली. तिथल्या मुलांमधलं नव्या पॅपिलोमा रुग्णांचं प्रमाण २०१२ मध्ये लाखामागे ०.१६ होतं, ते २०१६ मध्ये ०.०२ वर आलं. त्या वर्षांत जी मोजकी मुलं आजारी पडली, त्यांच्यापैकी एकाच्याही आईने गर्भारपणाआधी लस घेतलेली नव्हती. अमेरिकेतही २००४-०५ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत २०१२-१३ मध्ये जन्मलेल्यांत हा आजार चौथ्या हिश्श्यावर आला.

इथे पुण्याचा संबंध येतो. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस, जिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ आणि १८ अशा चारही प्रकारांवर चालते, आणि मुलींप्रमाणे मुलग्यांनाही देता येते. आपल्याकडे तिची सगळी चर्चा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाभोवती फिरते. त्या कर्करोगाचा आपल्याकडचा भार पाहता ते बरोबरच आहे. पण कर्करोगाशी संबंध १६ आणि १८चा. पॅपिलोमाशी ६ आणि ११चा. फक्त १६ आणि १८ असलेली लसही जगात आहे, आणि केवळ कर्करोगाचा हिशेब मांडला तर ती पुरेशी वाटू शकते. कुठलंही राज्य, कुठलीही महापालिका लस खरेदी करेल तेव्हा उरलेले दोन आकडे डब्यावर आहेत ना, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पुढे होऊन बघायला हवं. निर्णयाच्या खोलीत स्त्रीरोगतज्ज्ञ असतात, कर्करोगतज्ज्ञ असतात. पॅपिलोमाच्या मुलांना ओळखणारं माणूस तिथे सहसा नसतं.

ऑस्ट्रेलियाला घट दिसली, कारण तिथे नव्या रुग्णांची देशभर मोजणी चालू होती. आज इथे लस घेणारी चौदा वर्षांची मुलगी दहा-बारा वर्षांनी आई होईल, तेव्हा तुलनेसाठी आजचा आकडा हाताशी असावा लागेल. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कान-नाक-घसा विभागांनी नव्या प्रत्येक मुलामागे एवढं टिपून एकत्र केलं तरी पुरे: जन्मवर्ष, तालुका, विषाणूचा प्रकार, आवाज बसल्यापासून निदान व्हायला गेलेले महिने, झालेल्या शस्त्रक्रिया, आणि आईने लस घेतली होती का. एका कागदावर मावेल एवढी ही नोंद आहे.