अठरा महिन्यांचे अनुदान, अठरा महिन्यांचा ऊस

आडसाली उसाच्या फडात दहाव्या महिन्यात एकदा शिरून बघावे. चार सरी आत गेलेला माणूस बांधावरून दिसत नाही, पाला हातातोंडाला कापत राहतो आणि पायाखाली पाचटाचा थर असतो. आता याच फडात जमिनीतली ओल मोजून मोबाइलवर कळवणारे यंत्र बसवायचे आहे असे समजा. लागणीच्या वेळी उघड्या सरीत ते झकास चालते. पुढे ऊस डोक्यावर गेला की सौर पट्टी सावलीत जाते, ओल्या पाल्यातून सिग्नल नीट बाहेर पडत नाही आणि एके दिवशी उंदीर वायर कुरतडतात. यातला एकही दोष पुण्यातल्या कार्यशाळेत टेबलावर सापडत नाही. तो फडातच सापडतो आणि तोवर वर्ष सरलेले असते.

या वर्षाचा खर्च कोणी करायचा? यंत्र करणारी कंपनी पाच-सात माणसांची. बँक तारण मागते. आणि अर्धवट यंत्र कोणी तारण म्हणून ठेवून घेत नाही. गुंतवणूकदाराला आधी गिऱ्हाईक दिसावे लागते. राहता राहिले सरकार.

सरकारी पैशातून होणारे संशोधन बारामती तालुक्यातल्या सोमेश्वरनगरला नवे नाही. इथली बागायत नीरा डाव्या कालव्यावर उभी राहिली आणि तो कालवाच एकोणिसाव्या शतकातला सरकारी खर्च. पाटपाण्याने ऊस दिला, तशा चोपण जमिनीही दिल्या. हॅरल्ड मान आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास १९१०मध्ये प्रसिद्ध केला. १९३२मध्ये पलीकडच्या फलटण तालुक्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. गावोगावच्या फडांत दिसणारा ८६०३२ हा वाण मूळचा कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेचा. महाराष्ट्रात तो ‘नीरा’ या नावाने प्रसारित झाला. खारवट रानात तग धरणारा २६५ पाडेगावचा, २००७ सालचा. शेतकरी बेण्याचे पैसे देतो. ते वाण निवडण्यात गेलेल्या वर्षांचे पैसे मात्र आधीच कोणीतरी भरलेले असतात.

बियाण्याच्या बाबतीत हे आपल्याला रास्त वाटते. तोच पैसा एखाद्या खासगी छोट्या कंपनीला द्यायचा म्हटले की भुवया उंचावतात. अमेरिकेतही उंचावल्या होत्या. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स यांनी १९७७च्या सुमारास छोट्या उद्योगांना संशोधनासाठी पैसे देण्याची योजना सुरू केली आणि १९८२मध्ये तिचा कायदा झाला. मोठा संशोधन निधी बाहेर वाटणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक टक्का छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, असा तो कायदा. पहिला टप्पा कल्पना खरी ठरते का हे तपासण्याचा, दुसरा नमुना तयार करण्याचा. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचा पैसा बंद: वस्तू बाजाराने घ्यावी किंवा दुसऱ्या सरकारी खात्याने. मोबाइलच्या चिपमुळे आज घराघरात पोहोचलेली क्वालकॉम लहान होती, तेव्हा तिलाही या योजनेचा पैसा मिळाला होता.

भारताने हा धडा २००५मध्ये गिरवायला घेतला. जैवतंत्रज्ञान विभागाने छोट्या उद्योगांसाठी योजना आणली आणि २०१२मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या ‘बिग’ योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळते, मुदत साधारण १८ महिने. यंत्राचा पहिला नमुना करायला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘निधी-प्रयास’ योजना १० लाखांपर्यंत देते. शेतीतल्या नवउद्योगांना राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २५ लाखांपर्यंत मिळू शकतात. २०२१च्या स्टार्टअप इंडिया बीज निधीत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंतची तरतूद होती.

यातला बराचसा पैसा दिल्लीहून थेट कंपनीच्या खात्यात येत नाही. तो उद्योग-उबवण केंद्रामार्फत येतो. असे केंद्र शोधायला सोमेश्वरनगरच्या मुलाला पुणे गाठण्याचीही गरज नाही. बारामतीत शारदानगरला ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात नीती आयोगाच्या अटल योजनेतून उभे राहिलेले केंद्र आहे, आणि माळेगावात अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९पासून आहे. ट्रस्टचा मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्डबरोबरचा ‘एआयचा ऊस’ हा प्रयोग बहुतेकांनी ऐकला असेल. तो मोठ्यांचा खेळ. आपण बोलतोय ते पाच-सात जणांच्या कंपनीविषयी.

अर्ज, सादरीकरण, तज्ज्ञांचे प्रश्न हे सगळे पार पडले तरी रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते. ठरलेला टप्पा गाठायचा, खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र सनदी लेखापालाकडून घ्यायचे, समितीपुढे उभे राहायचे आणि मग पुढचा हप्ता. जनतेचा पैसा आहे, हिशेब हवाच; त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार घड्याळाची आहे. १८ महिने रोगाच्या चाचणी-पट्टीला पुरत असतील. आडसाली ऊसच सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. म्हणजे एका अनुदानात एकच पीक. मंजुरी नोव्हेंबरात आली तर आडसालीची लागण निघून गेलेली. पहिल्या फडात उंदराने वायर तोडली, यंत्र सुधारले, की दुसऱ्या फडात बघायला पैसे शिल्लक नसतात. टप्प्यांची तारीख मार्चअखेर बघून ठरते. उसाला मार्च कळत नाही. आंब्या-डाळिंबाचे दुखणे याहून वेगळे नसावे.

यंत्र किती साधे असू शकते, याचे उदाहरण त्याच कोइमतूरच्या संस्थेने दिले आहे. हातात धरायची छोटी पेटी, खाली दोन सळया. सळया मातीत खोचायच्या, बटण दाबायचे. निळा दिवा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे पाण्याची वेळ आली, लाल म्हणजे लगेच पाणी द्या. सिमकार्ड नाही, ॲप नाही. सरकारी संस्थेने शोध लावला आणि तंत्रज्ञानाचा परवाना खासगी उत्पादकांना दिला. कालव्याचे आवर्तन आले की गरज असो-नसो पाणी सोडायची सवय असलेल्या भागात चार दिव्यांचे हे यंत्र मला तरी मोबाइलवरच्या आलेखांहून मोलाचे वाटते.

२०२५मध्ये केंद्राने संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर केला. आकडा मोठा आहे. पण तो मुख्यतः कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा आणि भांडवलाचा आहे, आणि प्रयोगशाळेत बऱ्यापैकी सिद्ध झालेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. फडातल्या उंदराची सोय त्यात होणार नाही.

खरा खड्डा तिसऱ्या टप्प्यात आहे: पहिले गिऱ्हाईक. या भागात ते गिऱ्हाईक समोर उभे आहे. सहकारी साखर कारखान्याकडे शेतकी विभाग आहे, गट ऑफिसे आहेत, कोणाच्या रानात कोणता वाण कधी लागला याची नोंद आहे आणि प्रत्येक खेपेचे वजन आहे. यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या फडांचे टनेज शेजारी शेजारी ठेवून दाखवणे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणाला जमेल? मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्याच वर्गणीवर १९७५पासून चालत आली आहे, म्हणजे संशोधनाला पैसे द्यायची सवय सहकाराला आहे. कारखान्यांनी दरवर्षी सभासदांचे पाच-दहा एकर अशा चाचण्यांसाठी नोंदवावेत, नुकसानीची हमी घ्यावी आणि चालले तर पहिली शंभर यंत्रे विकत घ्यावीत.

आणि ज्यांच्या घरी असे एखादे अर्धवट यंत्र पडले आहे त्यांना एवढेच सांगायचे: अर्जापासून पहिला हप्ता मिळेपर्यंत महिने जातात आणि आडसालीची लागण जुलैत सुरू होते. शारदानगरची चक्कर दिवाळीनंतर लगेच मारा.